२६९ विरुद्ध २७०: गमांग यांच्या एका मताचं प्रकरण

वाजपेयींचं तेरा महिन्यांचं सरकार एका मतानं पडलं, हे आपल्याकडे राजकारणात फारसा रस नसलेल्यालाही माहीत असतं. ते एक मत गिरिधर गमांग यांचं, हेही लगेच सांगितलं जातं. ओडिशाचे मुख्यमंत्री होऊन बसलेले असताना ते दिल्लीला आले, खासदार म्हणून मत दिलं आणि सरकार गेलं. सांगणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा संताप असतो, आणि त्या संतापात मूळ प्रश्न बाजूला पडतो. १७ एप्रिल १९९९ रोजी गमांग लोकसभेचे सदस्य होते की नव्हते? सदस्य असतील, तर त्यांना मत देण्यापासून अडवायचं कोणी आणि कशाच्या आधारावर? लोकसभेचं सदस्यत्व कधी सुरू होतं आणि कधी संपतं, हे नेमकं समजून घ्यायला या प्रकरणाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

बारावी लोकसभा फेब्रुवारी-मार्च १९९८ मध्ये निवडून आली. निवडून आलेले ५४३ आणि अँग्लो-इंडियन समाजातून राष्ट्रपतींनी नेमलेले दोन, अशी ५४५ जणांची ती सभा होती. नेमलेल्या दोघांना राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मत नसे, पण सभागृहात ते इतरांसारखंच मत देत. विश्वासदर्शक ठरावही त्याला अपवाद नव्हता. (१०४ व्या घटनादुरुस्तीनं जानेवारी २०२० पासून या दोन जागा गेल्या.) भाजप १८२, काँग्रेस १४१, मार्क्सवादी कम्युनिस्ट ३२, समाजवादी २०, अण्णा द्रमुक १८, तेलुगू देसम १२ आणि खाली पाच, चार, तीन, एक अशा आकड्यांच्या पक्षांची मोठी रांग. या गोळाबेरजेतून २८ मार्च १९९८ ला वाजपेयींनी २७४ विरुद्ध २६१ असा विश्वास मिळवला. तेरा मतांची आघाडी होती आणि एकट्या अण्णा द्रमुककडे अठरा मतं होती. सरकार पहिल्या दिवसापासून जयललितांच्या मर्जीवर उभं होतं, ते यामुळे.

हे संख्याबळ इतकं तोकडं का पडलं, याचं एक मोठं उत्तर महाराष्ट्रात आहे आणि गमांग यांची कथा सांगताना ते कोणीच सांगत नाही. १९९६ च्या निवडणुकीत राज्यातल्या ४८ जागांपैकी भाजपला १८ आणि शिवसेनेला १५ मिळाल्या होत्या, मिळून ३३. दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, युतीकडे उरल्या दहा: सेनेच्या सहा, भाजपच्या चार. काँग्रेस १५ वरून ३३ वर गेली. शरद पवारांनी रिपब्लिकन गटांशी समझोता केला होता. त्यातून प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले मुंबई उत्तर-मध्य मधून निवडून आले. चारही मतदारसंघ खुले होते. शेकापचे रामशेठ ठाकूर कुलाब्यातून (म्हणजे रायगड जिल्ह्यातून) आले. म्हणजे ४८ पैकी ३८ जागा विरोधी गोटात. शेजारच्या गोव्याच्या दोन्ही जागाही काँग्रेसच्याच. युतीनं महाराष्ट्रातल्या तेवीस जागा गमावल्या नसत्या, तर एप्रिल १९९९ मध्ये ओडिशातल्या कोरापुटचा खासदार, म्हणजे गमांग, कुठे बसतो हे विचारायची वेळच कोणावर आली नसती. बाराव्या लोकसभेत विरोधी पक्षनेतेपदी शरद पवार होते, हेही इथेच लक्षात ठेवायला हवं.

जयललितांच्या पक्षानं १४ एप्रिल १९९९ ला पाठिंबा काढला. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी वाजपेयींना सभागृहाचा विश्वास मिळवायला सांगितलं. अण्णा द्रमुक गेला तसा द्रमुक सरकारच्या बाजूला आला, पण तिथून मतं मिळाली सहा. अठरा जाऊन सहा आली की उरलेल्या छोट्या पक्षांचा एकेक खासदार मोजावा लागतो, आणि त्या तीन दिवसांत दिल्लीत तेच चाललं होतं.

शनिवारी, १७ तारखेला, मतदान ठरलं. लोकसभेतलं मतविभाजन कसं होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. अध्यक्ष लॉबी मोकळ्या करायला सांगतात. साडेतीन मिनिटं घंटा वाजते, त्या वेळात संसद भवनात कुठेही असलेल्या सदस्यानं आपल्या जागेवर यायचं. मग दारं बंद होतात. ठराव पुन्हा मांडला जातो, मतदान पुकारलं जातं आणि प्रत्येक सदस्य आपल्यासमोरची दोन बटणं एकदम दाबतो. एक मतदान सुरू करण्याचं. दुसरं हिरवं, लाल किंवा पिवळं: बाजूनं, विरोधात, तटस्थ. दुसरी घंटा होईपर्यंत दोन्ही बटणं दाबून धरावी लागतात. मग फलकावर आकडे उमटतात आणि ज्यांचं बटण नीट लागलं नाही त्यांच्या चिठ्ठ्या घेऊन ते दुरुस्त होतात. या सगळ्या यंत्रणेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. त्या आसनावर बसलेला माणूस सदस्य आहे की नाही, हा वाद मतदानापूर्वीच मिटलेला असला पाहिजे.

त्या दिवशी नेमका तोच वाद सत्ताधारी बाकांवरून उपस्थित झाला. जे. बी. पटनाईक यांना पायउतार व्हावं लागल्यावर काँग्रेसनं गमांग यांना १७ फेब्रुवारी १९९९ ला ओडिशाचं मुख्यमंत्री केलं होतं. बरोबर दोन महिने उलटले होते. ते राज्याच्या विधानसभेचे सदस्य नव्हते आणि कोरापुटच्या खासदारकीचा राजीनामाही त्यांनी दिलेला नव्हता. एका राज्याचा कारभार चालवणारा माणूस केंद्रातलं सरकार पाडायला मत कसा देतो, असा आक्षेप होता. अध्यक्षपदावर तेलुगू देसमचे जी. एम. सी. बालयोगी होते. त्यांनी गमांग यांना मतदानापासून रोखलं नाही. मत द्यायचं की नाही हे त्यांच्या सद्सद्विवेकावर सोडलं.

गमांग यांनी मत दिलं. ठरावाच्या बाजूनं २६९, विरोधात २७०.

आता कायदा. याबाबत गैरसमज इतके आहेत की जरा सावकाश जायला हवं.

मुख्यमंत्री झाल्यावर खासदारकी आपोआप जाते, असं बऱ्याच जणांना वाटतं. राज्यघटनेत असं कुठेही म्हटलेलं नाही. कलम १०१(२) म्हणतं की कोणीही एकाच वेळी संसदेचा आणि राज्य विधिमंडळाच्या सभागृहाचा सदस्य राहू शकत नाही. दोन्हीकडे निवडून आलेल्यानं राष्ट्रपतींनी ठरवून दिलेल्या मुदतीत विधिमंडळाची जागा सोडली नाही, तर त्याची संसदेतली जागा रिकामी होते. ही मुदत १९५० च्या नियमांनी चौदा दिवसांची आहे. म्हणजे बंदी आहे ती दोन सदस्यत्वांवर. एका सभागृहाचं सदस्यत्व आणि दुसरीकडचं मंत्रिपद यांवर ती नाही. दुसरीकडे कलम १६४(४) म्हणतं की विधिमंडळाचा सदस्य नसलेला माणूस मंत्री होऊ शकतो, पण सलग सहा महिने तो सदस्य नसेल तर त्याचं मंत्रिपद संपतं. ही दोन कलमं शेजारी ठेवली की मध्ये सहा महिन्यांची मोकळी जागा दिसते. गमांग त्या जागेत उभे होते. एप्रिलच्या मध्याला त्यांच्या हातात अजून चार महिने होते.

लाभाच्या पदाचा मुद्दाही चालत नाही. कलम १०२ मधल्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे की केवळ केंद्राचा किंवा राज्याचा मंत्री असल्यामुळे कोणी लाभाचं पद धारण करतो असं मानलं जाणार नाही. संसदेच्या १९५९ च्या अपात्रता निवारण कायद्यातही मंत्र्यांना सूट आहे. कायद्याच्या नजरेनं १७ एप्रिलच्या सकाळी गमांग लोकसभेचे पूर्ण सदस्य होते. बालयोगी यांनी त्यांना बाहेर काढलं असतं, तर एका निवडून आलेल्या सदस्याचा मताधिकार हिरावल्याचा दोष त्यांच्यावर आला असता. मला बालयोगींचा निर्णय त्या कसोटीवर योग्य वाटतो. त्यांचा पक्ष सरकारच्या बाजूनं होता, तरी त्यांनी कायद्यात नसलेली अपात्रता निर्माण केली नाही, ही बाब मोठी आहे.

यातली विसंगती मात्र जबरदस्त आहे. समजा, गमांग मार्चमध्ये एखादी पोटनिवडणूक जिंकून आमदार झाले असते. चौदा दिवसांत एक जागा निवडावी लागली असती आणि मुख्यमंत्री राहायचं म्हटल्यावर लोकसभा सुटली असती. म्हणजे आमदार झालेल्या खासदाराला आपली व्यवस्था लोकसभेतून दूर करते, पण अख्ख्या राज्याचा प्रमुख झालेल्याला सहा महिने तिथेच बसू देते. दुहेरी सदस्यत्वाची बंदी ज्या कारणासाठी आहे, म्हणजे एका माणसानं दोन ठिकाणची निष्ठा आणि दोन ठिकाणचं काम एकदम पेलू नये, ते कारण मुख्यमंत्र्याला साध्या आमदारापेक्षा कितीतरी पटींनी लागू पडतं.

आणि सद्सद्विवेकाचं काय? तो शब्द ऐकायला उदात्त वाटतो, पण त्या दिवशी गमांग यांच्यापाशी तो वापरायला जागा किती होती? काँग्रेसचा व्हिप होता. पक्षादेश मोडून मतदान केलं किंवा गैरहजर राहिलं, तर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याप्रमाणे, सदस्यत्व जाऊ शकतं. पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं तरच सुटका. ज्या पक्षानं दोन महिन्यांपूर्वी मुख्यमंत्रिपद दिलं, त्याच पक्षाचा आदेश मोडून गमांग गप्प बसतील, ही अपेक्षा कोणी गंभीरपणे धरली असेल असं मला वाटत नाही. प्रश्न कायद्याचा होता. तो एका माणसाच्या विवेकावर टाकला गेला आणि त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षं दोषही त्याच माणसाच्या माथी राहिला.

ज्यावर सगळी कथा उभी आहे तो आकडा आता तपासू. गमांग आलेच नसते तर? २७० मधून एक वजा, म्हणजे २६९ विरुद्ध २६९. सरकार जिंकलं नसतं, बरोबरी झाली असती. कलम १००(१) प्रमाणे अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, पण समसमान मतं पडली तर त्यांना निर्णायक मत द्यावंच लागतं. तेव्हा सगळा भार बालयोगींवर आला असता. अशा वेळी आहे ती स्थिती राहील असं मत द्यावं, हा वेस्टमिन्स्टरकडून आलेला संकेत. पण विश्वासदर्शक ठरावात ‘आहे ती स्थिती’ म्हणजे काय? सरकार सत्तेवर आहे ही स्थिती धरली, तर मत ठरावाच्या बाजूनं. सभागृहानं बहुमतानं विश्वास दाखवलेला नाही ही स्थिती धरली, तर विरोधात. दोन्ही वाचनांना आधार आहे. त्यातून अध्यक्ष सरकारला पाठिंबा देणाऱ्या पक्षाचे. निकाल कुठलाही लागला असता तरी देशभर वाद उठला असता. गमांग यांच्या मतानं सरकार पडलं हे विधान म्हणूनच अर्धं आहे. त्यांच्या मतानं बरोबरी टळली, इतकंच काटेकोरपणे म्हणता येतं.

सरकार खरोखर वाचवू शकलं असतं असं एकट्या माणसाचं मत दुसरंच होतं. काश्मीरमधल्या नॅशनल कॉन्फरन्सचे बारामुल्लाचे खासदार सैफुद्दीन सोझ. त्यांच्या पक्षानं सरकारच्या बाजूनं मत द्यायला सांगितलं होतं, त्यांनी विरोधात दिलं. ते पक्षाबरोबर राहिले असते तर आकडा उलटा झाला असता: २७० विरुद्ध २६९. पक्षानं त्यांची हकालपट्टी केली. पक्षांतरबंदी कायदा समजून घ्यायला हा तपशील फार उपयोगी आहे. आदेश मोडून दिलेलं मत बाद होत नाही, ते मोजलं जातं. शिक्षा नंतर, तीही अध्यक्षांपुढे अर्ज होऊन निर्णय झाला तर. सोझ यांच्या बाबतीत सभागृहच दहा दिवसांच्या आत विसर्जित झालं. ज्या सदस्यत्वावर गदा यायची तेच उरलं नाही.

तिसरा हिशेब बहुजन समाज पक्षाचा. त्यांचे पाच खासदार तटस्थ राहतील, असं सरकारी बाजू धरून चालली होती. मतदानात ते विरोधात गेले. ते पाच तटस्थ राहिले असते तर निकाल २६९ विरुद्ध २६५ असा लागला असता आणि गमांग, सोझ ही नावं आज कोणाला आठवली नसती. ५४५ पैकी मोजली गेली ५३९ मतं. अध्यक्ष सोडले तर आणखी पाच जागांचं मत कुठल्याच पारड्यात पडलं नाही. एका मताच्या निकालात यांतला प्रत्येक जण ‘ते एक मत’ होता. तरी नाव लोकांच्या तोंडी बसलं ते गमांग यांचं, कारण त्यांच्या बाबतीत काहीतरी नियमबाह्य घडल्याचा भास झाला. ब्रिटनमध्ये वीस वर्षांपूर्वी, २८ मार्च १९७९ ला, कॅलाहन सरकार ३११ विरुद्ध ३१० असं पडलं होतं. तिथे चर्चा झाली ती आजारपणामुळे येऊ न शकलेल्या सर अल्फ्रेड ब्रॉटन या मजूर खासदाराची.

पुढचा घटनाक्रम माहीत असलेला आहे. पर्यायी सरकारसाठी सोनिया गांधींनी २७२ चा दावा केला, मुलायमसिंह यादव यांनी साथ दिली नाही आणि २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली. कारगिलचं युद्ध काळजीवाहू सरकारनं लढलं. महाराष्ट्रात तर या मतदानाचे पडसाद फार खोलवर गेले. मध्यावधी निवडणूक समोर आली, पंतप्रधानपदाचा उमेदवार कोण हा प्रश्न काँग्रेसमध्ये पेटला, मे महिन्यात पवार, संगमा आणि तारिक अन्वर यांना पक्षातून काढलं गेलं आणि १० जून १९९९ ला राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत सेनेला १५ आणि भाजपला १३ जागा मिळाल्या, तर काँग्रेस १० आणि राष्ट्रवादी ६ वर थांबली. दीड वर्षात विरोधी गोटाच्या ३८ जागांचा बुरूज ढासळला.

गमांग पुढे विधानसभेवर निवडून आले. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर डिसेंबरमध्ये त्यांचं मुख्यमंत्रिपद गेलं. कोरापुटची जागा १९९९ मध्ये त्यांच्या पत्नी हेमा गमांग यांनी जिंकली. २०१५ मध्ये त्यांनी काँग्रेस सोडून भाजपमध्ये प्रवेश केला.

गमांग यांच्यावर राग धरणाऱ्या मराठी वाचकाला मला आपल्याच राज्याची उदाहरणं दाखवायची आहेत. ६ मार्च १९९३ ला शरद पवार संरक्षणमंत्रिपद सोडून मुख्यमंत्री झाले तेव्हा ते बारामतीचे लोकसभा सदस्य होते. जानेवारी २००३ मध्ये सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले तेव्हा ते सोलापूरचे खासदार होते. नोव्हेंबर २०१० मध्ये पृथ्वीराज चव्हाण आले ते राज्यसभेतून. कलम १०१(२) दोन्ही सभागृहांना सारखंच लागू आहे. मनोहर पर्रीकर मार्च २०१७ मध्ये संरक्षणमंत्रिपद सोडून गोव्यात परतले तेही राज्यसभा सदस्य असतानाच. दिल्लीतून मुख्यमंत्री पाठवण्याची रीत जिथे आहे, तिथे ही सहा महिन्यांची फट प्रत्येक वेळी वापरली जाते. फक्त त्या काळात दिल्लीत एका मताचा प्रसंग आला नाही, म्हणून कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

१९९९ नंतरही ही फट बुजवली गेली नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये एस. आर. चौधरी प्रकरणात एवढं स्पष्ट केलं की निवडून न येता सहा महिन्यांनी राजीनामा देऊन पुन्हा शपथ घेण्याचा खेळ चालणार नाही. पण पहिल्या सहा महिन्यांत दुसऱ्या सभागृहातल्या मताचं काय, हा मुद्दा त्यात नव्हता. मार्च २०१७ मध्ये योगी आदित्यनाथ उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री आणि केशवप्रसाद मौर्य उपमुख्यमंत्री झाले. दोघेही लोकसभेचे सदस्य होते. दोघांनीही जागा लगेच सोडल्या नाहीत. जुलैत राष्ट्रपतिपदाची आणि ऑगस्टमध्ये उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक त्या काळातच पार पडली. सप्टेंबरमध्ये विधान परिषदेवर निवडून आल्यावरच त्यांनी लोकसभेचे राजीनामे दिले. १९९९ मध्ये गमांग यांच्या मतानं घायाळ झालेल्या पक्षानं अठरा वर्षांनी तीच मुभा वापरली. कायदा मोडला नव्हता, हे गमांग यांच्याबद्दल जितकं खरं तितकंच इथेही.

फट बुजवण्याविरुद्धचा एक युक्तिवाद मला वजनदार वाटतो. कोरापुट हा अनुसूचित जमातींसाठी राखीव, दुर्गम मतदारसंघ. मुख्यमंत्रिपदाची शपथ घेताच खासदारकी गेली, तर पोटनिवडणूक होईपर्यंत तिथल्या मतदारांना लोकसभेत आवाजच राहणार नाही, आणि पोटनिवडणुकीला कायद्यानं सहा महिन्यांपर्यंत अवधी आहे. ही हानी खरी आहे. पण मुख्यमंत्री झालेला खासदार त्या सहा महिन्यांत लोकसभेत येतो किती? प्रश्न विचारतो किती? मतदारांचा आवाज तसाही बंदच असतो आणि मत फक्त व्हिप आला की उघडतं. त्यापेक्षा जागा लगेच रिकामी होऊन लवकर पोटनिवडणूक होणं कोरापुटच्या मतदाराच्या जास्त हिताचं आहे.

यासाठी मोठी घटनादुरुस्तीच लागेल असंही मला वाटत नाही. अपात्रतेची नवी कारणं साध्या कायद्यानं ठरवण्याचा अधिकार कलम १०२ च्या शेवटच्या उपखंडानं संसदेला दिलेलाच आहे. ‘राज्याच्या मंत्रिपदाची शपथ घेतल्यापासून चौदा दिवसांनी संसदेतली जागा रिकामी’ एवढं एक वाक्य त्या कायद्यात पुरेल. चौदा दिवस म्हणतो, कारण दोन सदस्यत्वांसाठी १९५० पासून तीच मुदत आहे. तो नियम फेब्रुवारी १९९९ मध्ये असता, तर मार्चच्या पहिल्या आठवड्यातच गमांग यांची जागा रिकामी झाली असती आणि बालयोगींना कोणाच्याही सद्सद्विवेकाचा आधार घ्यावा लागला नसता.